सांताने यायचं कुठून? (नाताळ, श्रद्धा आणि लाल टोपी)

गिरिजकर | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी वसईचा, कॅथलिक. बावीस वर्षं आमच्या देवळाच्या गायनवृंदात आधी पेटी आणि आता कीबोर्ड वाजवतो. (देऊळ म्हणजे चर्च. घरात आम्ही देऊळच म्हणतो. पुढे गोंधळ नको म्हणून आधीच सांगितलं.)

गेल्या नाताळात एक प्रसंग घडला, तो वर्षभर डोक्यातून गेलेला नाही. आमची मध्यरात्रीची मिस्सा (नाताळची सामुदायिक उपासना) आता मध्यरात्री होत नाही. मैदानात मांडव असतो, लाउडस्पीकर असतो आणि दहाची मर्यादा असते. म्हणून आठला सुरू करून दहाच्या आत आटपतात. नाव मात्र अजून मध्यरात्रीचंच. मिस्सा संपली की फादर बाळ येशूची मूर्ती घेऊन गोठ्यापाशी उभे राहतात आणि लोक रांगेने येऊन मूर्तीच्या पायाचं चुंबन घेतात. करोनानंतर बरेच जण नुसता हात लावून कपाळाला लावतात. तोवर गव्हाण रिकामी असते. पंधरा दिवस पोरं त्या रिकाम्या पेंढ्याकडे बघून "बाळ कधी येणार" विचारत असतात, त्याचं उत्तर म्हणजे ही रांग.

तर गेल्या वर्षी रांग निम्मी झाली होती. तेवढ्यात वेदीमागच्या खोलीतून, जिथून फादर वस्त्रं चढवून बाहेर येतात त्याच दारातून, सांताक्लॉज आला. हातात घंटी, पाठीवर पोतं, हो हो हो. स्पीकरवर जिंगल बेल्स. रांगेतली झाडून सगळी पोरं पळाली, पोरांमागे आया, आयांमागे मोबाईल धरलेले बाप. दोन मिनिटांत गोठ्यासमोर उरले फादर, त्यांच्या हातातला बाळ येशू आणि लाल लुगड्यातल्या दोन म्हाताऱ्या. त्यातली एक मूर्तीच्या पायाला हात लावून फादरना म्हणाली, "जाऊ दे बाबा, निजव त्याला."

येत्या रविवारी पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आमच्या देवळाच्या कारभारी मंडळाची, बैठक आहे. सांता हवा की नको, यावर दोन तट पडलेत. "नको" वाल्यांना मी मनातून मिळालेलो आहे, पण छातीठोकपणे बोलता येत नाही. तुमच्याकडे काय चालतं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. नाताळ आता फक्त आमचा राहिलेला नाही, हे एव्हाना कळलंय.

चौकस | ८ डिसेंबर, रात्री ११:०५

कशाची एवढी जपणूक चाललीय तेच कळत नाही. येशूचा जन्म २५ डिसेंबरला झालाच नव्हता. ती रोमन लोकांची सूर्याची जत्रा, चर्चने उचलली. झाड जर्मनांचं. सांता शीतपेयाच्या जाहिरातीतून आला. उसनवारीवर उभ्या सणात शुद्ध-अशुद्ध कसलं बघताय?

लेखणीदास | ८ डिसेंबर, रात्री ११:५२

चौकसराव, तुम्ही लिहिलेलं दरवर्षी व्हॉट्सअॅपवर येतं आणि दरवर्षी अर्धंच असतं.

तारखेपासून सुरू करू. २५ डिसेंबरच्या नाताळचा सर्वांत जुना उल्लेख रोममधल्या इ. स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो. त्यातली संबंधित यादी ३३६ सालची मानतात. गंमत म्हणजे सूर्याच्या जन्मदिवसाची त्या तारखेची नोंदही त्याच संग्रहात आहे. दोन्ही एकाच बाडात, त्यामुळे कोणी कोणाचं उचललं यावर अभ्यासक अजून भांडताहेत. तुम्ही निकाल लावून मोकळे झालात.

सांताचं म्हणाल तर शीतपेयाच्या जाहिरातीतला हॅडन संडब्लॉमचा गुबगुबीत म्हातारा १९३१ चा. त्याच्या कितीतरी आधी, १८६० च्या दशकापासून, थॉमस नास्ट अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात दाढीवाला, ढेरपोट्या सांता काढत होता. कंपनीने त्याचा चेहरा घरोघर पोचवला. जन्माला घातला म्हणणं जास्त होतं.

आणि मुळात तो बिशप. मायराचा संत निकोलस, चौथ्या शतकातला. आजच्या तुर्कस्तानातला माणूस. श्रद्धेतून बाजारात गेलेला माणूस आता बाजाराच्या पोशाखात परत वेदीवर आलाय. गिरिजकरांच्या देवळात घडलं ते असं आहे. परका कोणी घुसलेला नाही. घरचाच मुलगा, मुंबईला जाऊन भलतेच कपडे घालून आला.

गिरिजकर | ९ डिसेंबर, सकाळी ७:१५

लेखणीदास, हे शेवटचं वाक्य मी रविवारी चोरणार.

आसावरी_कोथरूड | ९ डिसेंबर, सकाळी ९:३०

आम्ही हिंदू, पुण्यातले. गॅलरीत कागदी चांदणी लागते, आकाशकंदिलाच्याच हुकाला. तो हुक दिवाळीनंतर काढतच नाही. प्लमकेक येतो. माझा नवरा कॅम्पातून आणतो आणि आणताना एवढ्या रांगेत उभा राहतो की त्यालाच व्रत म्हणावं.

मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली की लाल कपडे आणि टोपी घालून पाठवा. घरी आल्यावर विचारलं, आज काय होतं गं? म्हणाली, "सांताचा बर्थडे." मी म्हटलं, अगं सांताचा नाही, येशूचा. तर म्हणते, "मग येशू का नाही आला?"

मला उत्तर सुचलं नाही. गिरिजकर, तुमच्या फादरना विचारून सांगा. मस्करी करत नाहीये.

मांडवीपार | ९ डिसेंबर, सकाळी ११:१०

गोव्याहून देव बरें करूं. आमच्या वाड्यावर सांता पिकअपमधून येतो, डीजे लावून. देवळात येत नाही, आवाराच्या फाटकाबाहेर थांबतो. हा नियम कोणी केला नाही, आपोआप पडलाय.

पण खरी चुरस गोठ्याची. स्पर्धा असतात, बक्षिसं असतात. गोणपाट सिमेंटात बुडवून डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं, नाचणी उगवून हिरवळ. एका वर्षी आमच्या मुलांनी बेथलेहेममध्ये फेरीबोट सोडली, मोटारीवर चालणारी. परीक्षक पाद्री म्हणाले, बेथलेहेमला नदी नाही रे. मुलं म्हणाली, पण आमच्याकडे आहे. दुसरं बक्षीस मिळालं.

शेजाऱ्यांकडे कोन्सुआदचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट जातं, नेवऱ्या, दोदोल, बेबिंक. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ आलेला असतो, त्याच ताटातून परतफेड. आमच्याकडे नाताळ निम्मा त्या ताटात असतो, असं मी म्हणतो. बायको म्हणते, निम्मा तिच्या कंबरेत, बेबिंकाचे थर लावून लावून.

तोक्योतला_तात्या | ९ डिसेंबर, दुपारी १:४०

देवाशिवायचा नाताळ बघायचा तर इकडे या. जपानमध्ये ख्रिस्ती शंभरात एक-दोन. पंचवीसची सुट्टी नाही, आम्ही ऑफिसात. पण चोवीसला संध्याकाळी केएफसीबाहेर रांग. १९७४ पासूनच्या जाहिरातीने लावलेली सवय, लोक आठवडे आधी चिकनची बादली नोंदवून ठेवतात. जोडीला स्ट्रॉबेरीचा पांढरा केक. तरुण जोडपी फिरायला जातात. भांडण काही नाही, कारण कोणाचा गोठाच नाही.

पहिल्या वर्षी मजा वाटली. तिसऱ्या वर्षी दादरच्या पोर्तुगीज चर्चवरून जाताना दिसायचा तो तारा आठवला. मी जोशी आहे, तरी.

नगरी_पेटी | ९ डिसेंबर, रात्री ९:२०

आम्ही मराठी प्रोटेस्टंट, अहिल्यानगर. (जुनं नगरच तोंडात बसलंय.) आमचा अनुभव उलट्या टोकाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे ख्रिस्ती धर्म आणला अमेरिकन मराठी मिशनने. ते मुंबईत उतरले १८१३ मध्ये, नगरला ठाणं केलं १८३१ मध्ये. या मिशनची मूळ संस्था मॅसॅच्युसेट्सची, आणि मॅसॅच्युसेट्स म्हणजे प्युरिटनांचा, कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांचा, प्रांत. त्या प्रांतात १६५९ साली कायदा झाला होता: नाताळ साजरा करताना सापडाल तर पाच शिलिंग दंड. चर्चवाल्यांनीच केलेला कायदा! बायबलमध्ये हा सण सांगितलेला नाही आणि लोक पिऊन धिंगाणा घालतात, ही कारणं. १६८१ मध्ये तो उठला, पण तिथे नाताळची सरकारी सुट्टी व्हायला १८५६ उजाडलं. म्हणजे आमच्या पणजोबांना येशूची गोष्ट सांगणारे लोक नाताळाबद्दल फार उत्साही नसलेल्या मुलखातून आले होते. स्कॉटलंडचंही तसंच, तिथे नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये लागली.

मग आमच्या नाताळात रंग कुठून आला? इथूनच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, नगरला राहिले आणि भजनं, अभंग, कीर्तनं लिहीत सुटले. तुकोबांवर वाढलेला माणूस. त्याला इंग्रजी चालीवर शब्द कोंबलेली गाणी घशाखाली उतरेनात. आजही आमच्या वस्तीत चोवीसच्या रात्री भजनाची फेरी निघते. पेटी गळ्यात, तबल्याऐवजी ढोलकी, टाळ. घरोघर जायचं, दोन पदं म्हणायची, चहा घ्यायचा, पुढचं घर. शेवटच्या घरी पहाटे चार वाजता उपीट. माझ्या वडिलांच्या पेटीचा भाता एका वर्षी थंडीने फाटला तर त्यांनी जागेवर चिकटपट्टी लावून सहा घरं उरकली. ती पट्टी अजून आहे.

आता नातवंडांना ही फेरी म्हाताऱ्यांची वाटते. त्यांना ड्रमसेट, गिटार, इंग्रजी गाणी आणि पडद्यावर शब्द हवेत. मी पहिल्यांदा खूप चिडलो. मग लक्षात आलं की टिळकांच्या काळात कीर्तन हेच लोकांचं मनोरंजन होतं. गावात कीर्तनकार आला की आजच्या सिनेमासारखी गर्दी. टिळकांनी गर्दीच्या ठिकाणी जाऊन आपली गोष्ट सांगितली. नातू तेच करतोय म्हणतो. फरक आहे, पण तो त्याला समजावून सांगायला मला अजून शब्द मिळालेले नाहीत. त्याच्या गाण्यात "मी, मला, माझं" फार येतं. टिळकांच्या पदांत समोर बाळ असतं.

लेखणीदास | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

पेटीबुवा, सुंदर. एक भर. टिळकांच्या पावणेतीनशे वर्षं आधी हेच फादर स्टीफन्सनी केलं. इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा पाद्री), १५७९ मध्ये गोव्यात आला, १६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. नव्या ख्रिस्तींची जुनी पुराणं सुटली होती आणि कानाला ओवीची सवय होती. मग त्याने बेथलेहेमची गोष्ट ओवीतच सांगितली. छपाई रोमन लिपीत, भाषा आपली.

गिरगावचा_आवाज | ९ डिसेंबर, रात्री ११:३०

गिरिजकर, आमच्या गणपतीत या. आयटम साँगवर विसर्जन, सिनेमाच्या नायकाच्या पोझमधली मूर्ती, मांडवात गुटखावाल्याचा फलक. दरवर्षी आजोबा लोक "सण राहिला नाही" म्हणतात आणि दरवर्षी गर्दी वाढते. मी मंडळाचा खजिनदार होतो. अनुभवाचं सांगतो, वर्गणी आणि भक्ती एकाच रांगेतून येत नाहीत, पण एकाच दारातून येतात.

बंदी घालू नका. बंदी घातली की तो बाहेर मोठा होतो.

फ्राउ_जोशी | १० डिसेंबर, दुपारी २:१५

(तात्या, अजून एक जोशी!) मी न्यूरेंबर्गला राहते. इकडे भेटी सांता आणत नाही, ख्रिस्टकिंड आणतं. शब्दशः ख्रिस्तबालक. आमच्या नाताळबाजाराचं उद्घाटन तेच करतं: आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी फ्राउएनकिर्श या चर्चच्या सज्जात सोनेरी केसांची, मुकुट घातलेली मुलगी उभी राहून स्वागताचं काव्य म्हणते. हो, बालक म्हणजे तरुण मुलगी. दर दोन वर्षांनी निवडतात. सोळा-सतरा वर्षांची पोर, त्या सज्जाची उंची, खाली हजारो लोक आणि तोंडातून वाफ. माझ्या सासूबाई नाशिकहून आल्या होत्या, म्हणाल्या, "ही देवी कोणती?"

म्हणजे इथे बाळाला म्हाताऱ्याने हटवू नये, असं वाटणाऱ्यांनी बाळालाच बाजारात बसवलं. आता त्याच्या नावाने भाजलेले बदाम आणि गरम वाइन विकली जाते. मला बदाम आवडतात, तक्रार नाही. पण "सांता काढला की श्रद्धा परत येईल" असं कौन्सिलमध्ये कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

अजून एक. जे गाणं ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा येतो ते 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात. शब्द योसेफ मोर या तरुण पाद्र्याचे, चाल ग्रूबर मास्तरांची, साथीला गिटार. देवळात गिटार, १८१८ मध्ये! आणि ते देऊळ कोणाच्या नावाचं? संत निकोलसच्या. सांताच्याच घरात बाळाची अंगाई.

चौकस | १० डिसेंबर, दुपारी ३:००

बरं, हे मला माहीत नव्हतं. 'जिंगल बेल्स'चंही असंच काही असेल.

लेखणीदास | १० डिसेंबर, दुपारी ३:२०

नाही. त्यात येशू नाही, सांता नाही, नाताळही नाही. १८५७ मध्ये छापलेलं, बर्फावर घोडागाडी उडवायचं तरुण पोरांचं गाणं. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीचं गाणं पारायणाला लावावं तसं.

उलट बोनी एम या गायकगटाचं मॉलमध्ये वाजणारं, डिस्को ठेक्यावरचं मेरीच्या बाळाचं गाणं घ्या, १९७८ चं. सगळे कंबर हलवतात, पण शब्द ऐका. बायबलच्या शुभवर्तमानातली गोष्ट जवळजवळ ओळीने आहे. ठेका डिस्कोचा, प्रवचन देवळातलं. त्यामुळे चालीवरून ठरवायला गेलं की फसायला होतं.

प्रशासक | १० डिसेंबर, सायं. ६:४५

दोन प्रतिसाद आणि त्यावरचे सात उपप्रतिसाद उडवले आहेत. कोणाचा सण कोणत्या दिवशी "खरा" यासाठी वेगळा धागा काढू नये. काढल्यास तोही उडेल.

सुकेळी | १० डिसेंबर, रात्री ९:५०

मी त्याच पॅरिशची. धर्मशिक्षणाचा तिसरीचा वर्ग घेते. गिरिजकरदादांचा धागा वाचून तीन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

पहिलं म्हणजे सांता युवांनी आणला, मी त्यात होते. का आणला ते दादांनी लिहिलं नाही. त्याआधीच्या दोन वर्षांत मिस्सेला मुलं यायची बंद झाली होती. इंग्रजी शाळांमधली मुलं, प्रवचन मराठीत, दोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. सांता आला तेव्हापासून पुढच्या सहा रांगा मुलांनी भरतात. त्यातल्या चारपाच जणांना मी नंतर वर्गात पकडलं आणि बाळाची गोष्ट सांगितली. चॉकलेटने आलेलं मूलसुद्धा मूलच असतं.

दुसरं. दादा, सगळं सांगा की. त्या दाढीत कोण होतं?

आसावरी_कोथरूड | १० डिसेंबर, रात्री ९:५८

अरे देवा.

तोक्योतला_तात्या | ११ डिसेंबर, पहाटे ५:३०

उठल्या उठल्या हाच धागा उघडला. गिरिजकर???

गिरिजकर | ११ डिसेंबर, रात्री १०:१०

हो. मीच होतो. सहा वर्षं मीच असतो. उंची आहे आणि पोट आहे, त्यामुळे उशी लागत नाही. त्या वेळी कीबोर्डवर पुतणी बसते.

लिहिलं नाही कारण लाज वाटली. आता लिहितो. तो मखमली झगा भिवंडीच्या शिंप्याकडून शिवलेला, आतून अस्तर नाही, डिसेंबर असूनही वसईत घाम फुटतो. दाढी कापसाची, डिंकाने लावलेली, हसलं की ओठात जाते. वेदीमागच्या खोलीत उभा होतो. तिथे खुंटीला फादरचा झगा आणि शेजारी माझं पोतं. आधीची पाच वर्षं मी बाहेरच्या मैदानातून यायचो. गेल्या वर्षी मैदानात बँडवाले बसले होते, वाट नव्हती, म्हणून कोणीतरी म्हणालं, आतूनच ये. एवढंच कारण. कोणी ठरवून काही केलं नाही.

दारातून बाहेर पडलो आणि पोरं माझ्याकडे धावली. सहा वर्षांत एवढ्या जोरात कधी धावली नव्हती. चॉकलेटं वाटता वाटता मान वर केली तर पोरांच्या डोक्यांवरून समोर गोठा दिसला. फादर, बाळ आणि त्या दोन म्हाताऱ्या. त्यातली एक माझी आजेसासू. ती काय म्हणाली ते फादरनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, हसत हसतच. मला हसू आलं नाही.

सुकेळी, तुझं खरं आहे, मुलं येतात. मी सांताच्या विरुद्ध नाही, असेन तर स्वतःच्याच विरुद्ध होईन. मला ते दार खटकतंय. आणि ती वेळ.

सुकेळी | ११ डिसेंबर, रात्री १०:३५

मग असं आधी म्हणायचं ना दादा. तीन दिवस मी तुमच्यावर रागावून होते.

लेखणीदास | ११ डिसेंबर, रात्री ११:१५

गिरिजकर, तुमच्यावर एक तरी मेहेरबानी झालीय, तुम्हाला जाळलं नाही.

२३ डिसेंबर १९५१, फ्रान्समधलं दिजाँ शहर. तिथल्या पाद्र्यांना वाटलं, हा अमेरिकन थाटाचा नाताळबाबा बाळाची जागा बळकावतोय. संत बेनीनच्या कॅथेड्रलच्या कठड्याला त्याचा पुतळा टांगला आणि देवळाच्या प्रांगणात मुलांदेखत जाळला. जमलेली मुलं शेकड्यांनी होती, चर्चच्याच संस्थांमधली. देशभर बोंब झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाताळबाबा नगरपालिकेच्या छपरावर सहीसलामत उगवला. क्लोद लेव्ही-स्त्रोस या मानववंशशास्त्रज्ञाने त्यावर लांबलचक लेख लिहिला. त्याचा सूर साधारण असा की ज्याला मारायला निघाले तो मूर्तिपूजकांच्या जुन्या सणांतल्या राजाचा वारस, आणि जाळून पाद्र्यांनी त्याला आणखी जुनं, आणखी मोठं केलं.

आता बघा, वांद्र्याला, वसईला, गोव्यात एकतीसच्या रात्री पोरं गवताचा म्हातारा करून जाळतात. त्याआधी आठवडाभर त्याला खुर्चीत बसवून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पैसे मागतात. फोर्ट कोचीत त्याला पप्पांजी म्हणतात. तो सरतं वर्ष असतो. पण जुनी पँट, कापसाची दाढी आणि पोट बघितलं की मला दरवेळी सांताच वाटतो, सहा दिवसांत थकलेला.

मांडवीपार | १२ डिसेंबर, सकाळी ८:२०

आमच्या म्हाताऱ्याच्या पोटात फटाके असतात. गिरिजकर, जपून.

आसावरी_कोथरूड | १२ डिसेंबर, सकाळी १०:००

मुलीला काल रात्री मी जमेल तशी गोष्ट सांगितली. धर्मशाळेत जागा नाही, गोठा, मेंढपाळ, तारा. ती म्हणाली, "म्हणजे कृष्णासारखं? रात्री आणि बाहेर?" मी म्हटलं, थोडं तसं. मग तिने विचारलं, बाळाला गिफ्ट कोणी आणलं. तीन राजांनी, सांगितलं. "सांता तेव्हा कुठे होता?"

सुकेळीताई, तुमच्या तिसरीच्या वर्गात याचं काय उत्तर देता?

सुकेळी | १२ डिसेंबर, दुपारी १:१५

आमच्या वर्गात एका मुलाने उत्तर दिलं होतं: "तो रांगेत मागे होता, म्हातारा आहे ना."

गिरिजकर | १४ डिसेंबर, रात्री ९:३०

बैठक झाली. अडीच तास. चहा दोनदा आला.

एका गटाने सहा डिसेंबरला संत निकोलसच्या सणाला बिशपच्या वेषात सांता आणावा, असं सुचवलं. त्यावर कोणीतरी म्हणालं, सहा तारीख गेली. तो विषय तिथेच मिटला. लेखणीदास, तुमचं "घरचा मुलगा" मी वापरलं, पण एकाने लगेच विचारलं, "मग घरात येऊ द्यायला काय हरकत?" त्यामुळे अंगलट आलं.

शेवटी सुकेळीच्या वर्गातल्या मुलाचं वाक्य मी वाचून दाखवलं, आणि त्यावर ठरलं. सांता वेदीमागून येणार नाही. फाटकातून येईल, घंटी न वाजवता, आणि रांगेत शेवटी उभा राहील. टोपी काढून बाळाच्या पायाला हात लावेल, मग बाहेर मैदानात पोतं उघडेल. जिंगल बेल्स मैदानात, आत टिळकांचं पद. (पेटीबुवा, कुठलं घ्यावं ते कळवा. पट्टी पांढरी चार, पुतणीचा आवाज त्यावर चढत नाही.)

पोरं रांग सोडून मागे माझ्याकडे पळतील का? पळतील, निम्मी तरी. फादर म्हणाले, "बघू. आणि मूर्तीला कापूस चिकटला तर तू पुसायचा."

आजेसासूबाईंना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "रांगेत माझ्या मागे उभा राहा, म्हणजे धक्का लागणार नाही."

आता महत्त्वाचं. गोठ्यासाठी नाचणी आज पेरायची आहे, गेल्या वर्षी पिवळी पडली आणि एका बाजूलाच उगवली. काय चुकतं?

मांडवीपार | १४ डिसेंबर, रात्री १०:०५

रात्रभर भिजवा, मग पेरा. पहिले तीन दिवस ओल्या फडक्याने झाका, नंतर उजेडात ठेवा. तुम्ही गोठ्याच्या मागे अंधारात ठेवली असणार, म्हणून पिवळी. आणि पाणी तांब्याने ओतू नका, दाणे वाहून एका कोपऱ्यात जातात. हाताने शिंपडा.

नगरी_पेटी | १४ डिसेंबर, रात्री १०:४०

पट्टी पांढरी दोन करा. उद्या रेकॉर्ड करून पाठवतो, पेटी जुनीच आहे, मधे भाता वाजेल.